पोरं टोळीत का जायलेत? फ्लेक्सच्या दुकानातून दिसलेलं

फ्लेक्सवाला (धागाकर्ता)

माझं बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फ्लेक्सचं दुकान आहे. लग्न, दहावं, क्लासची जाहिरात सगळं छापतो पण वर्षभराचा खरा धंदा म्हणजे भाऊंचे वाढदिवस. परवा आमच्या लोकल बातम्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला, मागं पोलिसांचं पथक उभं, पुढं चार पोरं तोंडाला रुमाल बांधून उकिडवी बसलेली, टेबलावर दोन कोयते अन् एक तलवार. एक जण शर्टावरूनच ओळखू आला, त्याच शर्टातला त्याचा फोटो मी बॅकग्राऊंड काढून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलेला आहे, दर सणाला लागतो म्हणून.

फ्लेक्सवर जागा कशी ठरती ते बाहेरच्याला माहिती नसतं म्हणून सांगतो. वरच्या पट्टीत नेते, त्यांचा क्रम चुकला तर फ्लेक्स परत येतो अन् पैसे बुडतात. मधी भाऊ, डोक्यापासून पायापर्यंत, गाडीला टेकून. खाली शुभेच्छुकांच्या ओळी. वर्गणी दिली की शेवटच्या ओळीत फोटो, तो पण पासपोर्ट साईझ, पोरं शाळेच्या आयकार्डावरचा पाठवतात कारण दुसरा धड फोटोच नसतो. पुढच्या वर्षी तेच पोरगं म्हणतं भैय्या मला दुसऱ्या लाईनीत घ्या अन् गॉगलवाला लावा. अन् मग एक दिवस त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाची ऑर्डर येती, दहा बाय पंधरा, "युवा हृदयसम्राट", वय वर्षं एकोणीस. पैसे कोण देणार विचारलं तर भाऊ देतील. आणि देतात, रोख, घासाघीस न करता, जे की लग्नवाले कधीच करत नाहीत.

गरिबी म्हणावं तर परवाच्या त्या पोराच्या बापाला सहा एकर आहे, विहिरीला पाणी आहे. मारकुटा बाप म्हणावं तर माळकरी माणूस. मग हे पोरगं तिथं उकिडवं का बसलं? मी छापणारा माणूस, मला फक्त ओळ वर सरकलेली दिसती, मधलं दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांनी लिहा.

गोदाकाठ

मधलं आम्हाला दिसतं भाऊ. आमच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यात सुरुवात वाढदिवसानं नाही वाळूनं होती. रात्री फाट्यावर, पुलावर, पंपावर पोरं बसलेली असतात मोबाईल घेऊन, त्याला लोकेशन देणं म्हणतात. तहसीलदाराची गाडी निघाली की फोन, "साहेब निघाले, पांढरी बोलेरो, शहागडकडं चाललीय". तेवढं कळलं की नदीत चोरून वाळू उपसायची केणी बंद, वाळूच्या हायवा ट्रकचे लाईट बंद. पोराला रात्रीचे पाचशे, कधी हजार, वर ढाब्यावर अंडाभुर्जी. सोळा वर्षाच्या पोराला यात गुन्हा वाटतच नाही कारण तो फक्त फोन करायलाय. तिकडं बापानं 2024 च्या हंगामात सोयाबीन काढलं, हमीभाव 4892 अन् मोंढ्यात चार हजाराच्या आसपास, म्हणजे पोरगं रात्री जागून जे आणतंय ते बापाच्या डोळ्यादेखत बापापेक्षा जास्त आहे, बाप रागावणार तरी कसा.

सहा महिने लोकेशन दिलं की मग एका रात्री म्हणतात आज गाडी आडवी लाव. तेव्हा नाही म्हणायची सोय राहिलेली नसती.

हिंजवडीकर_परभणी

मूळ परभणीचा, सध्या पुणे. मला तर सरळ दिसतंय, घरात धाक राहिला नाही, हातात मोबाईल आला, दिवसभर रील. बाकी सोयाबीन वगैरे कारणं देऊन आपणच त्यांना डोक्यावर बसवतो. सगळे गरीब काय कोयता घेऊन फिरत नाहीत. चौकातून एकदा धिंड काढली की उतरतो माज. आमच्याकडे तेच केलं.

निवृत्त_जमादार

हिंजवडीकर साहेब, उभी नोकरी खाकीत गेली माझी, धिंड काढणाऱ्यांत मीही चाललोय. पोरगं लंगडत असतं, रडत असतं, लोक टाळ्या वाजवतात, सगळं खरं. अन् संध्याकाळी तोच व्हिडिओ त्याच्याच दोस्तांनी गाणं लावून टाकलेला असतो, खाली शेर-वाघ काहीतरी लिहून. ज्याला घरी-दारी अब्रू आहे त्याला धिंडीचा धाक बसतो. पण ज्याला गल्लीच्या बाहेर कुणी ओळखत नव्हतं त्याची आपण फुकटात जाहिरात केली असं होतं. तलवारीनं केक कापला म्हणून आर्म्स ॲक्ट 4/25 चा गुन्हा लावला की पोरगं पुढच्या महिन्यात प्रोफाईलवर कलम टाकून मोकळं. एक गंमत सांगतो, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या प्रयत्नाचं 307 आता 109 झालं, पण पोरं अजून 307 च लिहितात, 109 ला वट नाही म्हणे.

आता कामाचं. अल्पवयीन पोरं पुढं का करतात? ती लवकर सुटतात म्हणून. आमच्या प्रेसनोटमध्ये "विधिसंघर्षग्रस्त बालक" असं लिहितात, नाव येत नाही, बाल न्याय मंडळापुढं जातं. पोराला सांगितलेलंच असतं की तुला काही होत नाही, तू अठराच्या आत आहेस, वार तू कर. भाऊ त्या वेळेला देवदर्शनाला गेलेले असतात, सीसीटीव्हीत दिसतील असे. वरच्या माणसासाठी मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, 1999 पासून आहे, एमपीडीए, म्हणजे झोपडपट्टीदादांवरचा कायदा, 1981 पासून आहे, एक वर्ष स्थानबद्ध करता येतं, वाळूवाले पण त्यात आणले नंतर. कायदे कमी नाहीत. वरच्या माणसापर्यंत कागद पोचवायला जो साक्षीदार लागतो तो नसतो. कोण देईल साक्ष, रात्री त्याच गल्लीत झोपायचंय.

लातूर_आई

मी इथे फारसं लिहित नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला होता, नीटच्या तयारीसाठी, आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. कोयतेवाली टोळी नाही म्हणणार मी, पण ग्रुप होता. ट्युशन एरियात एका मुलाच्या गाडीवर बसला म्हणून याला चार जणांनी मारलं, कानातून रक्त आलं, आम्हाला सांगितलंच नाही. दोन दिवसांनी मेसवरच्या एका दादानं बोलावून ते मिटवलं, ज्यांनी मारलं त्यांना याच्या पाया पडायला लावलं. त्या दिवसापासून हा त्या दादाचा. मला कळलं ते युपीआयवरून, दर शुक्रवारी दोनशे, तीनशे, पाचशे, नाव एकच. विचारलं तर म्हणे वर्गणी आहे मम्मी.

सगळे म्हणतात रुबाबासाठी जातात. माझा घाबरून गेला होता. पंधरा-सोळा वर्षाचं लेकरू, पहिल्यांदा घराबाहेर, रूमवर चार अनोळखी मुलं, त्यात मार्क कमी पडायला लागलेले. त्याला त्या शहरात एकच माणूस असा दिसला की ज्याच्या नावानं कुणी हात लावणार नाही. आम्ही रूम बदलली, मी स्वतः जाऊन राहिले परीक्षेपर्यंत. ज्याला जमत नाही ती आई काय करत असेल.

हिंजवडीकर_परभणी

ताई, वाईट वाटलं वाचून. पण तुमचा मुलगा अन् कोयता घेऊन फिरणारे एकाच तागडीत नका घालू.

तोडकऱ्याचा_पोरगा

हिंजवडीकर दादा तागडी एकच आहे, मी सांगतो कशी ते, लांब होईल पण वाचा.

मी धारूर साईडचा. आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला ट्रकात बसायचे, सांगली नाहीतर कर्नाटकात, परत यायचे तेव्हा उन्हाळा लागलेला असायचा. आम्ही दोघं भाऊ आजीपाशी. हंगामी वसतिगृह एखाद वर्षी चालायचं, एखाद वर्षी नाही. आजीला रातचं दिसायचं नाही, सातला जेवून झोपायची, म्हणजे सातच्या नंतर घरात मोठं माणूसच नाही. मग पोरगं कुठं जाणार, स्टँडामागं पानटपरीवर. तिथं जे मोठे पोरं बसायचे त्यांच्यातला एक जण पहिल्यांदा मला काय बोलला असेल? जेवला का म्हणला. वडापाव घेऊन दिला. लोकं म्हणतात ब्रेनवॉश करतात, फूस लावतात, अरे कशाची फूस, सहा महिन्यात मला जेवलास का विचारणारा तो पहिला माणूस होता.

आता उचलीचं ज्याला माहितीये त्याला पुढचं समजंल. माझा बाप मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे पैसे आधीच, घ्यायचा, लग्न, दवाखाना, काय असंल ते, अन् हंगाम संपला तरी ती फिटायची नाही, राहिलेली पुढच्या साली. टोळीत तसंच्या तसं आहे. मोबाईल भाऊनी घेऊन दिला, गाडीचे दोन हप्ते भाऊनी भरले, बहिणीच्या लग्नात आहेर भाऊचा, पहिली केस झाली तर वकील भाऊचा अन् जामीनदार पण भाऊनीच उभा केलेला. कुठं लिहून ठेवत नाहीत पण पोराला आकडा पाठ असतो. अन् उचल घेतलेला तोडकरी मध्येच पळून गेला तर मुकादम काय करतो ते बीडच्या माणसाला सांगायची गरज नाही. माझा बाप त्यातून सुटला नाही, माझा भाऊ यातून. तो सध्या हर्सूलच्या जेलात आहे. मी सुटलो कारण मला नववीतच मामानं उचलून जालन्याला नेलं स्टीलच्या कारखान्यात, कौतुकाचं काही नाही, तिथं पण बारा तासाची ड्युटी होती, पण संध्याकाळी हातपाय गळालेले असायचे, टपरीवर बसायची ताकदच नव्हती.

गोदाकाठ

+1. उचलीचं शंभर टक्के.

सत्य_बोलतो

एवढं लिहिण्यापेक्षा ही पोरं कुठल्या समाजाची आहेत ते लिहा ना, सगळ्यांना माहितीये की [उर्वरित मजकूर काढून टाकला आहे – व्यवस्थापक]

धागा_व्यवस्थापक

जातीवर आणखी एक प्रतिसाद आला तर धागा वाचनमात्र करेन. दोन्ही बाजूंना सांगतोय.

फ्लेक्सवाला

व्यवस्थापक साहेब, काढलं ते बरं केलं, पण जात या विषयातून निघत नाही, फक्त ती जिथं आहे तिथं दाखवू द्या. मी दोन्हीकडचे फ्लेक्स छापतो, एकाच मशीनवर, कधी कधी एकाच रात्री. पोरगं टोळीत जाताना जात बघून जात नाही, गल्ली बघून जातं, दोस्त बघून जातं. जात येती ती भाऊला अटक झाल्यावर. काल जो खंडणी मागत होता तो आज समाजाचा वाघ, "एकच वादा" करून पंचवीस फ्लेक्सची ऑर्डर, मोर्चा, बंद. मग खालच्या ओळीतल्या पोराला पहिल्यांदा वाटतं की आपण जे करायलोत ते काहीतरी मोठं आहे. तोपर्यंत तो पाचशे रुपयासाठी होता, आता इज्जतीसाठी आहे. पाचशेचा माणूस सोडवता येतो.

डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, पवनचक्की कंपनीच्या खंडणीतून झाला असं आरोपपत्र आहे, कोर्ट काय ते ठरवील. आरोपींमधली बरीच पोरं विशी-पंचविशीतली. त्यांनी मारहाणीचे व्हिडिओ काढले होते हे सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. मी रात्रभर त्याचाच विचार केला की व्हिडिओ कुणाला दाखवायला काढले असतील. लपवायचं असतं तर कुणी शूटिंग करतं का.

गोदाकाठ

त्यानंतर 2025 मध्ये बीड पोलिसांनी नेमप्लेटवर फक्त पहिलं नाव ठेवलं, आडनाव काढलं. बाहेरचे हसले याच्यावर. आम्ही नाही हसलो, ठाण्यात गेल्यावर पहिल्यांदा आडनाव वाचायची सवय आम्हालाच आहे.

नांदेडी

आमच्याकडं चित्र जरा वेगळं आहे. इथं रिंदा नावाच्या गँगस्टरच्या नावानं व्यापाऱ्यांना, डॉक्टरांना खंडणीचे फोन आले, एप्रिल 2022 मध्ये भरदिवसा एका बिल्डरला त्यांच्या घरासमोर गोळ्या घातल्या. बोलणारा परदेशात, पैसा तिसरीकडून, अन् इथलं पोरगं काय करतं तर फक्त एखाद्या घरासमोरून दोनदा गाडी नेऊन किती वाजता शटर उघडतं ते सांगतं. त्याला भाऊ पण नाही अन् वडापाव पण नाही, फक्त व्हॉट्सॲप कॉल. काहून करतो असं विचारलं तर उत्तर नसतं त्याच्याकडं. तुमच्या उचलीच्या हिशोबात हा बसत नाही बघा.

तोडकऱ्याचा_पोरगा

बसतो की. पैसे आधी आले असतील त्याला, काम नंतर सांगितलं असंल. विचारून बघा.

जुनं_खोड

समाजशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. दोनच गोष्टी लिहितो. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. तो मिटलाच नाही असं म्हटलं तरी चालेल. गिरणगावात ज्या पोरांचा बाप पाळीला जायचा, ज्यांना बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटायचं होतं, त्यांच्यातली किती पोरं पुढच्या दहा वर्षांत टोळ्यांकडे गेली हे परळ-लालबागच्या जुन्या माणसांना विचारा. तिथेही उपाशी माणूस थेट गेला नाही, नाक्यावरचा व्यायामशाळेतला पोरगा गेला. त्याची नोकरी नव्हती गेली, नोकरीची वाट गेली होती.

दुसरं, शिकागोमध्ये थ्रॅशर नावाच्या संशोधकानं 1927 साली 1313 टोळ्यांचा अभ्यास छापला. त्याचं म्हणणं होतं की या मुळात गल्लीत खेळणाऱ्या पोरांच्या कंपूच असतात, दुसऱ्या कंपूशी, पोलिसांशी भांडण झालं की त्या आवळल्या जातात. अमेरिकेत नंतर एकेका पोराचा वर्षानुवर्षं माग ठेवला तेव्हा दिसलं की टोळीत असताना त्याच्या हातून जितकी हिंसा होते तितकी आधीही होत नाही अन् बाहेर पडल्यावरही नाही. म्हणजे वाईट पोरं जमून टोळी झाली इतकं सोपं नाही, टोळी पोराला वाईट बनवते तेही आहे. हिंजवडीकरांनी संस्काराचा मुद्दा काढला म्हणून हे लिहिलं.

हिंजवडीकर_परभणी

सर, शिकागो ठीक आहे, पण माझा साधा प्रश्न राहतोच. एकाच घरात दोन भाऊ, एक जातो, एक नाही. वर तोडकऱ्याच्या पोरानं स्वतःच सांगितलं. मग परिस्थिती कशी जबाबदार?

तोडकऱ्याचा_पोरगा

मला मामा होता. मामा एकालाच ठेवू शकत होता, त्याची खोली दहा बाय दहाची. मी लहान म्हणून मला नेलं.

मैदान_सर

मी पोलीस भरती अन् आर्मीची पोरं पळवतो, पहाटे मैदानावर, छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर वाळूज साईडला. एक बघा, माझ्याकडे येणारं पोरगं अन् टोळीकडे जाणारं पोरगं एकाच मापाचं असतं. धडधाकट, अभ्यासात मध्यम, अंगावर वर्दी पाहिजे, गावात मान पाहिजे, लग्न जमलं पाहिजे. (लग्नावर कुणी लिहिलं नाही अजून, शेतकरी पोराला पोरगी देत नाहीत, सत्ताविसाव्या वर्षी गाडी-बंगला नाही तर स्थळच येत नाही, भाऊच्या मागं फिरणाऱ्याला निदान गाडी तरी असती.) 2024 च्या पोलीस भरतीला 17471 जागा होत्या अन् अर्ज 17 लाखाच्या वर. माझ्या मैदानावरची बहुतेक पोरं परत गावी गेली. आर्मीचं तर जून 2022 ला अग्निपथ आलं तेव्हापासून घरचेच म्हणतात चार वर्षासाठी कशाला. दोन-तीन भरत्या हुकल्या की पोरगं पहाटे यायचं बंद होतं. मला आता ओळखू येतं, आधी शूज आणत नाही, मग उशिरा येतं, मग एखाद्या दिवशी रस्त्यात काळ्या स्कॉर्पिओत मागच्या सीटवर दिसतं, मला बघून काच वर करतं.

एमआयडीसीत काम नाही का म्हणाल तर आहे, ठेकेदाराकडं, आठ-दहा महिन्यानं ब्रेक. अन् तिथंही भंगाराचा ठेका कुणाला, लेबर कुणाची लागणार हे ठरवायला भाऊच. म्हणजे कष्ट करायला गेला तरी दारात तोच उभा.

पूर्वी_होतो

नवीन आयडी काढलाय, कारण समजून घ्या. मी पाच-सहा वर्षं होतो. वसुलीला. कुठं, कुणाकडं ते विचारू नका.

मैदान सर, मी तुमच्यासारख्याच एका सरांकडं पळायचो. तुम्ही मापाचं म्हणलात ते अगदी बरोबर.

काय मिळतं ते कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. हॉटेलात गेलं की टेबल पुसून देतात. एसटीत जागा देतात. बापाचं सातबाराचं काम तलाठ्याकडं वर्षभर अडलं होतं, मी नुसता जाऊन उभा राहिलो, बोललो पण नाही, त्याच दिवशी झालं. बाप घरी आला अन् आईला म्हणला पोराचं वजन आहे. त्याच्या तोंडून माझ्याबद्दल चांगलं पहिल्यांदा ऐकलं मी, बारावी पास झालो तेव्हा पण असं काही म्हणला नव्हता. आता सांगा, ऑफिसात सरळ गेलं तर काम होत असतं तर माझं वजन कुणाला लागलं असतं?

अन् काय जातं ते पण सांगतो. झोप जाती. मी दीड वर्ष घरी झोपलो नाही, शेतात, लॉजवर, कधी गाडीत. जेवताना तोंड दाराकडं. कुणाचं लग्न असलं तर मांडवाच्या बाहेर उभं राहायचं, आत फोटोत यायचं नाही. भाऊचे पोरं पुण्याला इंग्रजी शाळेत, आमच्यातल्या एकालाही त्यांनी कधी त्यांच्या पोरांसोबत बसवलं नाही. हे कळतं आत गेल्यावर पहिल्याच वर्षी, पण तोपर्यंत नावावर एक केस असती अन् भाऊ म्हणतात आता कोण घेणार तुला कामाला. अन् ते खोटं नसतं. मी ट्रान्सपोर्टला गेलो, पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं, परत आलो. सिक्युरिटी गार्डला गेलो, तेच. केस तर साधी मारामारीची होती, अजून तारीख पडायलीय. पोरं आत का जातात हे तुम्ही सगळे लिहायलात, बाहेर का येत नाहीत ते हे आहे.

मी बाहेर आलो कारण भाऊ आत गेले अन् टोळी फुटली. माझी हिंमत वगैरे काही नाही त्यात. सध्या जेसीबी चालवतो दुसऱ्या जिल्ह्यात.

निवृत्त_जमादार

बेटा, लिहिलंस बरं केलंस. तलाठ्याचं वाचून जरा वेळ फोन खाली ठेवला मी.

वकीलताई

सगळा धागा वाचला. मी जिल्हा न्यायालयात अन् बाल न्याय मंडळापुढे काम करते. पूर्वी_होतो दादांनी व्हेरिफिकेशनचं लिहिलंय तिथंच बोलते कारण यात लोकांना निम्मं माहिती असतं अन् त्या निम्म्यावर भाऊ लोकांचा धंदा चालतो.

गुन्हा घडला तेव्हा पोराचं वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायदा 2015 लागतो. त्याचं कलम 74 चं दुसरं पोटकलम वाचा, केस बंद झाली किंवा निकाली निघाली की पोलिसांनी त्या मुलाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही. कलम 24 म्हणतं की त्या गुन्ह्यामुळे त्याला कुठली अपात्रता चिकटणार नाही. अपवाद एक आहे, सोळा वर्षांवरचं पोरगं, गंभीर गुन्हा, अन् बाल न्यायालयानं त्याला सज्ञान म्हणून चालवून दोषी धरलं तर. बाकी मारामारी, 4/25, चोरी, या पोरांचं रेकॉर्ड पुसलं जातं. पण पोराला हे कुणी सांगत नाही, त्याला भाऊ सांगतो की तुझं आयुष्य संपलं, आता माझ्याकडंच राहा.

जमादार काकांनी अल्पवयीनाला पुढं करतात असं लिहिलंय. त्याच कायद्यात कलम 83 आहे, मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् पाच लाख दंड. नव्या न्याय संहितेत कलम 95 आहे, तिथं कमीत कमी तीन वर्षं. माझ्या समोर येणाऱ्या फिर्यादीत ही कलमं मला क्वचित दिसतात. चार मोठे अन् दोन बालक असा गुन्हा असतो, अन् ते दोघं तिथं आले कुणाच्या गाडीवर हे कुणी विचारत नाही.

निवृत्त_जमादार

ताई, बरोबर आहे. तपासी अंमलदाराला ते पोरगंच जबाब देत नाही भाऊच्या विरोधात. त्याचा वकील कुणी लावलेला असतो ते तुम्हाला माहितीच आहे.

वकीलताई

माहिती आहे काका. म्हणून मी पालकांना सांगते, भाऊनं दिलेला वकील नाकारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वकील कमी तयारीचा मिळेल कदाचित, पण तोडकऱ्याच्या पोराच्या भाषेत उचल तरी होत नाही.

मैदान_सर

ताई, माझ्याकडं एक पोरगं आहे, सतराव्या वर्षी भांडणात नाव आलं होतं, मंडळात केस होती, समज देऊन सोडलं म्हणतो. आता एकोणीस. सोळाशे मीटर पाच मिनिटाच्या आत पळतो. फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे का" तिथं काय लिहायचं म्हणून तो फॉर्मच भरेना. मधे चार दिवस आलाच नाही मैदानावर.

वकीलताई

सर, आधी मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा, नुसतं तोंडी "सोडलं" नको. ती प्रत अन् जन्मतारखेचा पुरावा, शाळेची टीसी चालेल, घेऊन त्याला अन् घरच्या एका माणसाला माझ्याकडं पाठवा. त्या रकान्यात काय लिहायचं ते कागद बघून सांगेन, इथं अंदाजानं नाही सांगणार. तोपर्यंत फॉर्मची शेवटची तारीख जाऊ देऊ नका.

पूर्वी_होतो

ताई, माझं तेव्हा वय बावीस होतं. माझ्यासारख्याचं काय?

वकीलताई

दादा, तुमच्यासाठी कलम 74 नाही, खोटी आशा दाखवत नाही. केस लवकर निकाली काढणं हाच रस्ता. फिर्यादी तयार असेल अन् कलम तडजोडीचं असेल तर लोकअदालतीत ठेवता येईल. अन् कुठल्याही नोकरीच्या फॉर्मवर लपवू नका, 2016 च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की लपवलं तर तेवढ्यावर नोकरी जाऊ शकते, अन् खरं सांगितलं अन् गुन्हा किरकोळ असला तर नेमणूक करणाऱ्याला विचार करता येतो. केस नंबर अन् कोर्ट मला व्यनि (खाजगी निरोप) करा, इथं टाकू नका.

पूर्वी_होतो

केलाय व्यनि. फिर्यादी ओळखीचाच आहे, आमच्या गल्लीतला. त्याच्याकडं जायला मात्र कुणीतरी सोबत पाहिजे, एकटा गेलो तर तो धमकी द्यायला आला म्हणंल.

निवृत्त_जमादार

गाव कोणतं ते व्यनित सांग. जवळ असलं तर मी येतो.